चिप शाबूत असते, थकतं ते आजूबाजूचं

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप अजूनही रोजच्या कामाला जुंपलेला आहे अशा जागा आपल्याकडे कमी नाहीत. तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं दुकान, टॅलीवर चालणारी अडत पेढी, पतसंस्थेचं काउंटर, सोसायटीचं ऑफिस. दर वेळी पैशांमुळेच तो बदलला जात नाही असंही नाही. जुन्या मराठी फाँटचं डोंगल नव्या मशीनवर चालेल की नाही याचा भरवसा नसतो, लग्नपत्रिकांच्या शेकडो फायली पेजमेकरमध्ये अडकलेल्या असतात, शिवाय 'चालतंय तोवर चालू दे' हे धोरण तर असतंच. मग एक दिवस मशीन आपोआप रिस्टार्ट मारायला लागतं. कधी निळा पडदा येतो, कधी स्क्रीनवर रंगीत ठिपके नाहीतर आडव्या पट्ट्या उमटतात, कधी पंखा फिरतो पण डिस्प्लेच येत नाही. आणि कुणीतरी ठरलेला सल्ला देतो, "फॉरमॅट मारून टाका."

हा सल्ला अनेकदा वाया जातो आणि काही वेळा अंगाशी येतो. रॅम खराब असेल तर नवं विंडोज त्याच खराब रॅममधून जाऊन डिस्कवर उतरतं. म्हणजे फायली लिहिल्या जातानाच बिघडतात आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, दमला असेल तर इन्स्टॉलेशन चालू असतानाच मशीन बंद पडतं, आणि तोवर जुना डेटाही गेलेला असतो. त्यामुळे मशीन अडखळायला लागल्यावर पहिलं काम एकच: जोवर ते सुरू होतंय तोवर महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घेणं. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

जुन्या मशीनबाबत एक गोष्ट आधीच लक्षात घेतली की पुढची बरीच शोधाशोध वाचते. प्रोसेसर, चिपसेट या सिलिकॉनच्या चिपा सहसा इतक्या लवकर मरत नाहीत. त्यांच्याभोवती जे स्वस्त सामान असतं ते म्हातारं होतं: कपॅसिटर, पंख्याचं बेअरिंग, प्रोसेसरवरची पेस्ट, रॅमचा स्लॉट, केबलच्या पिना, दहा-वीस रुपयांची बटण बॅटरी. गंमत अशी की पडद्यावर जो संदेश येतो त्यात या सामानाचं नाव जवळपास कधीच नसतं. जो भाग अडखळून पडला त्याचं नाव येतं, ज्याच्यामुळे पडला तो नामानिराळा राहतो.

याचं ठळक उदाहरण जुन्या नव्हे, तर नव्या महागड्या मशीनचं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष होता प्रोसेसरमध्ये. जास्त व्होल्टेज मिळाल्यामुळे तो हळूहळू अस्थिर होत गेला होता आणि गेमच्या दाबून ठेवलेल्या फायली उलगडताना चुका करत होता. २०२४मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. चिपा सहसा मरत नाहीत, या वर केलेल्या विधानाला हा एक मोठा अपवाद आहे, आणि संदेशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये याचा पुरावाही.

तेव्हा संदेश काय म्हणतो यापेक्षा बिघाड कधी होतो हे आधी टिपून ठेवावं. एका कागदावर तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं एवढं लिहिलं तरी आठवड्याभरात चित्र दिसायला लागतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना चार वेळा बटण दाबावं लागतं, पण एकदा सुरू झालं की दिवसभर निमूट चालतं, असं असेल तर संशय कपॅसिटर आणि एसएमपीएसवर. सुरुवातीला ठीक, अर्ध्या तासाने हँग, आणि कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला की बरं, म्हणजे उष्णता. केव्हाही बंद पडतं आणि निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा, म्हणजे बहुधा रॅम. शेजारच्या खोलीतली पाण्याची मोटार सुरू झाली की रिस्टार्ट, म्हणजे वीज. टेबलाला धक्का लागला की डिस्प्ले गायब, म्हणजे लूज काँटॅक्ट, दुसरं काही शोधायची गरज नाही.

निळा पडदा वाचायच्या आतच मशीन रिस्टार्ट होत असेल तर विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' सेटिंगमध्ये आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी. इव्हेंट व्ह्यूअर उघडल्यावर तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते आणि पुष्कळ जण 'पॉवर'चा अर्थ लावून लगेच नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण त्यात सांगितलेलं नसतं. मात्र तिच्या आधी निळ्या पडद्याची कसलीच नोंद नसेल, 'मिनीडंप' फोल्डरही रिकामा असेल, तर विंडोजला बोलायलाही वेळ मिळाला नाही असं समजावं. तेव्हा वीज किंवा उष्णता हे आधी तपासायचे.

आता कपॅसिटर. मदरबोर्डवर, एसएमपीएसमध्ये आणि मॉनिटरच्या आतही छोट्या डब्यांसारखे उभे असतात ते. इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. नळाला पाणी कमीजास्त आलं तरी घरातली धार एकसारखी राहावी ही तिची नोकरी. कपॅसिटर विजेच्या बाबतीत तेच करतो. प्रोसेसरची गरज एका क्षणात दुप्पट होते, पुढच्या क्षणी निम्मी होते, आणि एसएमपीएसकडून येणारी वीज तेवढ्या चपळाईने बदलू शकत नाही. मधली भर कपॅसिटर घालतो. त्याच्या आत ओलसर द्रव असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, तसा कपॅसिटरचा अंतर्गत अडथळा वाढतो आणि वीज खडबडीत होते. थंड असताना हा अडथळा आणखी जास्त असतो, म्हणून अशी मशिनं सकाळी उठत नाहीत.

या सुकण्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. कपॅसिटरच्या अंगावर '१०५ अंश सेल्सिअस' असं छापलेलं असतं आणि साध्या मालाचं आयुष्य त्या तापमानाला साधारण २,००० तास धरतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. म्हणजे ८५ अंशांना ८,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास. रोज ८ तास मशीन चालवलं तर पहिल्या हिशेबाने पावणेतीन वर्षं आणि दुसऱ्या हिशेबाने जवळपास ११ वर्षं. फरक फक्त वीस अंशांचा. धुळीने बुजलेली जाळी आणि भिंतीला चिकटवून ठेवलेलं कॅबिनेट हे वीस अंश सहज खाऊन टाकतात.

कपॅसिटर बिघडलाय हे काही वेळा नुसत्या डोळ्यांनी कळतं. त्याच्या माथ्यावर अधिकच्या किंवा इंग्रजी 'के'च्या आकाराची चीर मुद्दाम पाडलेली असते, आत वायू साठला तर डबा फुटण्याऐवजी तिथून मोकळा व्हावा म्हणून. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बोट फिरवल्यावर तो फुगीर लागला (मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली), किंवा चिरेपाशी तपकिरी खरपुडी दिसली, तर तो संपला. या शतकाच्या पहिल्या दशकात असे फुगलेले कपॅसिटर जगभर निघाले, कारण तैवानमधल्या काही उत्पादकांच्या मालातलं द्रवाचं मिश्रणच चुकीचं होतं. डेल कंपनीला तिच्या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपच्या अशाच तक्रारींपोटी २००५मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा भार हिशेबात धरावा लागला होता. त्यानंतरच्या बोर्डांवर, निदान प्रोसेसरच्या भोवती, घन पॉलिमरचे कपॅसिटर आले. त्यांच्या माथ्याला चीर नसते आणि ते सहसा फुगत नाहीत. पण एसएमपीएसच्या आत जुने ओले कपॅसिटर आहेतच. २०११-१२च्या सुमाराच्या कोअर आय-थ्री मशीनमध्ये बोर्ड ठणठणीत आणि एसएमपीएस गळाठलेला, हे चित्र म्हणूनच नेहमीचं.

एसएमपीएस तपासायला मल्टिमीटर चालतो, पण अर्धवट. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असले पाहिजेत. त्याच्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बाद. आकडा आत असला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, विजेतला खडबडीतपणा त्याला दिसत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून एक-दोन दिवस काम करून बघणं. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच राहतात.

विजेचा विषय निघालाय तर अर्थिंगबद्दल बोलायलाच हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की मुंग्या येतात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्या प्लगमध्ये तिसरी पिन असते, पण भिंतीमागे तिला काहीच जोडलेलं नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतून अगदी थोडी वीज पत्र्याकडे येते आणि अर्थिंगमधून ती जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण चालू मशीनला प्रोजेक्टर किंवा टीव्हीची केबल जोडताना तोच फरक पोर्टच्या नाजूक चिपेवर कोसळू शकतो. डिस्प्लेचा पोर्ट 'अचानक गेला' अशा तक्रारींत हे कारण कुणी विचारतच नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणं हा नव्या मॉनिटरपेक्षा स्वस्त सौदा आहे.

डिस्प्लेच्या तक्रारीत पहिला प्रश्न हा, की चित्र बिघडतंय कुठे: तयार होताना, वाटेत, की मॉनिटरमध्ये? हे शोधायला पैसा लागत नाही. बिघडलेलं चित्र समोर असताना मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून ब्राइटनेसचा मेनू उघडावा. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनूवरही त्याच रेघा आल्या तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल तर दोष केबलमध्ये किंवा त्याच्या मागे. मग प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून ते चित्र साठवावं आणि दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर पाहावं. त्यात ठिपके दिसले तर चित्र तयार होतानाच बिघडलंय: ड्रायव्हर, ग्राफिक्स किंवा मेमरी. त्यात ते नसले तर बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. तिसरी चाचणी म्हणजे मशीन सुरू करून थेट बायोसच्या पडद्यावर थांबणं. तिथे विंडोज नाही आणि ड्रायव्हरही नाही. तिथेही पट्ट्या दिसल्या तर ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही.

जुन्या मशिनांना अजून निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असते. १९८७मध्ये आयबीएमच्या पीएस-टू मशीनबरोबर आलेली ही जोडणी लाल, हिरवा आणि निळा हे रंग तीन वेगवेगळ्या पिनांवरून नेते, त्यामुळे तिचा बिघाड वाचता येतो. लाल तुटला की पांढरं पान निळसर-हिरवं दिसतं, निळा तुटला की पिवळं, हिरवा तुटला की जांभळट गुलाबी. केबल काढून तोंडाकडे पाहिलं तर पाच-पाच पिनांच्या तीन ओळी असतात, त्यातली एखादी वाकून शेजारणीला टेकलेली सापडते. बारीक चिमट्याने ती हलक्या हाताने सरळ होते. मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते अशा पुष्कळ केबली असतात. ती नववी पिन, तिच्याविना चित्राचं काही अडत नाही, तेव्हा 'पिन तुटलीय' म्हणून केबल फेकायची घाई नको. बारावी आणि पंधरावी पिन चित्र नेतच नाही. मॉनिटर कोणता आणि त्याला किती रिझोल्यूशन चालतं ही माहिती त्यांवरून जाते. त्यांतली एक गेली की चित्र येतं, पण विंडोजला मॉनिटर ओळखता येत नाही आणि अक्षरं मोठी, फिसकटलेली दिसतात. लोक अशा वेळी ग्राफिक्स ड्रायव्हर शोधत इंटरनेट पालथं घालतात.

मॉनिटरच्या बाजूने दोन खुणा पुरेशा आहेत. जुन्या एलसीडीत मागचा प्रकाश बारीक ट्यूबचा असतो. ती म्हातारी झाली की सकाळी चित्र तांबूस येतं, पुढे पुढे एक-दोन सेकंद दिसून पडदा काळा पडतो. तेव्हा अंधारात टॉर्च तिरका मारून पाहावा. चित्र पुसट दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, गेलाय तो प्रकाश. आणि वरून खालपर्यंत एकच रंगीत उभी रेघ कायमची बसली असेल तर काचेच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीचा सांधा सुटलाय. चौकट दाबल्यावर रेघ जाते-येते यावरून खात्री होते. त्यावर खर्च करू नये.

चित्र तयार होतानाच बिघडत असेल तर पुढे एक फाटा फुटतो. आपल्याकडच्या बहुसंख्य ऑफिस मशिनांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतंच, चित्र प्रोसेसरमधला किंवा बोर्डवरचा ग्राफिक्सचा भाग काढतो आणि त्यासाठी मुख्य रॅममधलाच एक तुकडा वापरतो. म्हणजे रॅमची एक पट्टी बिघडली तर आज हँग, उद्या निळा पडदा आणि परवा स्क्रीनवर रंगीत चौकोन, अशी तीन वेगळी वाटणारी दुखणी एकाच ठिकाणाहून उगवू शकतात. क्रॅश आणि डिस्प्ले या दोन्ही तक्रारी एकत्र असतील आणि ग्राफिक्स ऑनबोर्ड असेल, तर मी तरी दुसरीकडे पाहायच्या आधी रॅमवरच हात टाकेन.

दुरुस्तीवाला काय करतो? रॅम काढतो, खोडरबरने घासतो, परत लावतो, आणि मशीन सुरू होतं. हा प्रकार पाहून हसणारे इंजिनिअर बरेच आहेत, पण त्यात जादू नाही. पट्टीच्या कडेला सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असलेले संपर्क असतात. सोनं गंजत नाही, पण मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूचा गंज वर येतो, त्यावर धूळ आणि दमट हवेतला चिकटा बसतो. मशीन रोज तापतं-निवतं तशी पट्टी स्लॉटमध्ये केसभर सरकत राहते आणि संपर्काच्या जागी काळी भुकटी जमते. खोडरबर हे सगळं खरवडून काढतो. कित्येकदा पट्टी नुसती काढून पुन्हा लावली तरी स्लॉटच्या स्प्रिंग घासल्या जाऊन काम होतं. कोकणपट्टीत पावसाळा संपता संपता अशा तक्रारी वाढल्या तर त्यात नवल नाही. फक्त पांढरा मऊ खोडरबर घ्यावा. शाईचा खरखरीत घेतला तर सोनंच निघून जातं आणि दुखणं दुप्पट वेगाने परततं. रबराचे कण ब्रशने झटकून मगच पट्टी बसवावी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' असा आवाज करेपर्यंत.

त्यानंतरही तक्रार राहिली तर मेमटेस्ट. १९९४मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेल्या मेमटेस्ट-८६ या प्रोग्रॅमचा वंश आजही चालू आहे, आणि मेमटेस्ट-८६ प्लस हा त्याचा मोफत अवतार पेनड्राइव्हवरून चालतो. रात्री लावून सकाळी पाहावं. लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी कामाची नाही, 'एवढ्याशा चुकीने काय होतंय' असं म्हणू नये. दोन पट्ट्या असतील तर एक-एक करून तपासाव्यात आणि स्लॉटही बदलून पाहावा, नाहीतर स्लॉटच्या पापाची शिक्षा पट्टीला व्हायची. गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा मोठा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एकदा तरी चूक आढळली होती. सर्व्हरची रॅम अशी चूक स्वतः दुरुस्त करून घेते, आपल्या टेबलावरच्या मशीनची घेत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११मध्ये सुमारे १० लाख घरगुती पीसींच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेलं मशीन पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते, असं त्यांना दिसलं. 'एकदाच झालं, आता बरंय' हे वाक्य तेव्हापासून मी कुणाकडूनही फारसं मनावर घेत नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून मॉनिटर थेट बोर्डच्या पोर्टला लावून बघणं हीच सर्वांत चोख परीक्षा. ठिपके गेले तर कार्ड, राहिले तर बाकीचं. 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला' हा संदेश व्हिस्टापासून ओळखीचा आहे. ग्राफिक्स चिपेने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिला रिसेट करतं, त्याची ती सूचना. कारण ड्रायव्हर असू शकतं, तापलेलं कार्ड असू शकतं, कमी पडणारी वीजही असू शकते. कार्डच्या चिपेखालचे बारीक सांधे तडकले असतील तर मात्र इलाज नाही. एन्व्हिडियाने २००८च्या जुलैमध्ये, मुख्यतः लॅपटॉपच्या चिपांमधल्या अशाच दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. त्या काळात कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करायची टूम निघाली. ते काही दिवस, फार तर काही आठवडे चालतं आणि परत मरतं. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजायची त्यात तर हा प्रयोग अजिबात करू नये.

उष्णतेचा इलाज मळकट पण सोपा आहे. ब्लोअर अंगणात नाहीतर गॅलरीत जाऊन मारावा आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर वाऱ्याने भरधाव फिरून बेअरिंगचं कंबरडं मोडतं. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी कोरडी झाली असेल तर ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावून थंडावा वाढत नाही. इंटेलच्या पंख्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यांतली एक जरी नीट बसली नाही तरी पंखा फिरतो, दिसायला सगळं ठीक असतं, आणि प्रोसेसर एका बाजूने उघडा राहून तापतो. बोर्डच्या मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोकं फाकलीत का ते पाहावं. तापलेला प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेल्यावर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापतच राहिला तर मशीन बंद करतो, त्यामुळे 'मशीन स्लो झालंय' आणि 'मशीन बंद पडतं' या एकाच आजाराच्या दोन पायऱ्या असू शकतात. कॅबिनेटात पाल सापडली तर तिला काढण्याआधी प्लग काढावा, हे सांगायची गरज पडू नये.

दोन किरकोळ गोष्टी. घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्या तरी वर्षात जात असेल आणि बँकेच्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असतील तर बोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी बदलावी. साइटचं प्रमाणपत्र तारखेवर चालतं, व्हायरसचा त्यात हात नसतो. आणि मशीन बंद न पडता मिनिट-मिनिट गोठत असेल, डिस्कचा दिवा सतत पेटलेला असेल, तर हार्ड डिस्कची 'स्मार्ट' माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहावी. खराब सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क जाणार. पण 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा लाल रंगाच्या साटा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरची पाळी. लिनक्सचा पेनड्राइव्ह करून मशीन त्यावरून चालवावं आणि दिवसभर तिथेच काम करावं. विंडोजला हातही न लावता हा निवाडा होतो. लिनक्समध्येही तेच ठिपके, तेच हँग होणं दिसलं तर विंडोज निर्दोष आहे. तिथे सगळं सुरळीत चाललं तर आता ड्रायव्हर काढून जुनी आवृत्ती टाकून पाहायला हरकत नाही. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर जुन्या चिपेला मानवतोच असं नसतं आणि विंडोज अपडेट तो न विचारता चढवतं. आणि हो, आता फॉरमॅटही मारता येईल.

खर्च कुठवर करायचा हा हिशेब शेवटी उरतो. रॅम, एसएमपीएस, पेस्ट, बॅटरी, केबल इथवर पैसे घालावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरलं तर यातलं पुष्कळसं आजही मिळतं, आणि साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जुनं मशीन उगाच तरुण वाटायला लागतं. बोर्ड गेला असेल तर थांबावं. त्या पिढीचा जो बोर्ड 'नवा' म्हणून विकला जातो तो बहुतेकदा जुन्या चिपसेटवर पुन्हा बांधलेला असतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, आणि विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बोर्ड शाबूत असलेलं जुनं मशीनही इंटरनेटपासून तोडून फक्त डीटीपी किंवा हिशेबापुरतं ठेवणं शहाणपणाचं. सोडून द्यायचंच ठरलं तर एसएसडी आणि रॅमची पट्टी काढून घ्यावी, हार्ड डिस्क यूएसबी डब्यात बसवावी, आणि डोंगल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला तसंच राहिलेलं नाही ना, हे भंगारवाला यायच्या आधी पाहावं.